चेंचिताच्या नावाचा दिवस

२ ऑक्टोबर

चेंचिता जाणार!

सकाळी कोपऱ्यावर मक्याच्या पिठाचे वाफाळते तामाल घ्यायला गेलो तेव्हा माक्रिनानं सांगितलं. पातेल्याचं झाकण काढता काढता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं — 'तुमच्या समोरच्या चेंचिताला मुलगी घेऊन जातेय. मॉन्तेरेला, कायमची. सहा जानेवारीला तीन राजांचा सण उरकला की ट्रक येणार. मास्तर, हिरव्या मिरचीचे देऊ की लाल?'

मी म्हटलं, लाल. मला लाल सोसत नाहीत. घरी येऊन सगळे खाल्ले.

३ ऑक्टोबर

पोट बिघडलं. दिवसभर घरात. खिडकीतून चेंचिता दिसली, डब्यांतल्या जिरेनियमना पाणी घालत होती. नेहमीसारखीच. कायमची जाणारी माणसं झाडांना पाणी कशाला घालतात?

मला ती जायला नको आहे. लिहून टाकलं.

माझ्या बायकोला, एलोदियाला जाऊन सहा वर्षं झाली. चेंचिताचा नवरा त्याच्याही आधी गेला. तेव्हापासून आमचा व्यवहार एवढाच — सकाळी मी माझ्यापुढचा फुटपाथ झाडतो, ती तिच्यापुढचा. 'नमस्कार, मास्तर.' 'नमस्कार, चेंचिताबाई.' मग दोघांचे झाडू चालू. कधी ती म्हणते, 'आज गोयो फार धुमसतोय,' आणि आम्ही दोघं ज्वालामुखीकडे बघतो. मग ती आत जाते, मी आत जातो. एवढ्यावर माझा दिवस निघतो. हे बंद झालं तर सकाळी उठायचं कशाला, मला कळत नाही.

४ ऑक्टोबर

आज फ्रान्सिस्कोंचा दिवस. पहाटेपासून गल्लीत गिटारी. फ्रान्सिस्कोला लाडानं पांचो — प्रत्येक पांचोच्या, प्रत्येक पांचिताच्या दारात फुलं. झोपेचं खोबरं झालं, पण पडल्या पडल्या एक गोष्ट सुचली.

विधुरानं विधवेच्या दारात फुलं घेऊन उभं राहायचं म्हणजे गावाला वर्षभराचं खाद्य. पण तिच्या नावाच्या संताचा दिवस असेल तर कुणी ब्र काढत नाही. त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं. पहाटे गाणी म्हणावीत, फुलं द्यावीत, कॉफी प्यावी, मनातलं बोलावं आणि घरी यावं. ठरलं! तिच्या नावाच्या दिवशी जायचं आणि म्हणायचं, जाऊ नका.

तिचं नाव —

तिचं नाव काय?

५ ऑक्टोबर

कमाल आहे माझी. इतकी वर्षं समोर राहून मला त्या बाईचं खरं नाव ठाऊक नाही! सगळी गल्ली चेंचिता म्हणते, मीही म्हणतो. एलोदिया तिला 'शेजारीणबाई' म्हणायची. विजेचं बिल अजून नवऱ्याच्या नावे येतं.

तिलाच विचारायचं? 'बाई, तुमचं नाव काय?' — इतक्या वर्षांनी? तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माक्रिनाला विचारायचं? ती तिची जिवाभावाची, तिला ठाऊक असणार. पण सातला विचारलं तर आठपर्यंत अख्ख्या बाजारात दवंडी.

साधा ज्वालामुखी घ्या. त्याचं नाव ग्रेगोरियो, लाडानं गोयो. मार्चमध्ये त्याच्या नावाच्या दिवशी लोक वर चढून त्याला टोपी, सदरा आणि मिरच्यांच्या दाट रश्शाचं मोले नेऊन देतात. धूर ओकणाऱ्या डोंगराचा दिवस पंचक्रोशीला पाठ, आणि समोरच्या बाईचा मला माहीत नाही!

७ ऑक्टोबर

आज 'चेंचिता' घेऊन बसलो.

शेवटचं 'इता' सोडून दिलं. ते आम्ही सगळ्यांनाच लावतो. कॉफीला लावतो, भाकरीला लावतो, तापाला लावतो. देवसुद्धा आमच्याकडे 'दियोसितो' — एवढासा, कडेवर घ्यावा असा. माझी आजी म्हणायची, ही सवय स्पेनवाल्यांची नव्हेच. तिच्या जुन्या भाषेत मान आणि माया दाखवायला शब्दाला मागून 'त्सिन' जोडत — आईला, डोंगराला, मक्याच्या कणसाला. स्पेनची भाषा आली, शेपूट बदललं, खोड राहिली. खरं-खोटं आजीला ठाऊक.

उरलं 'चेंचा'. तेही मूळ नव्हे. लहान पोराच्या जिभेला 'स' झेपत नाही, ते 'च' म्हणतं, आणि घरातले मोठे कौतुकानं तेच धरून बसतात. रोसारियोची चायो होते, हेसूसचा चुय, कोन्सेप्सियोनची कोंचा. धाकटा भाऊ बोबडं बोलणार आणि बहीण साठीची झाली तरी त्या बोबड्यातच राहणार.

म्हणजे मूळ नाव 'एन्सिया'नं संपणारं. स्वयंपाकघरातलं संतांचं कॅलेंडर काढून बसलो. क्रेसेन्सिया जूनमध्ये. विसेन्सिया जानेवारीच्या शेवटी, तोवर ती मॉन्तेरेत. फ्लोरेन्सिया, गौदेन्सिया, क्लेमेन्सिया, प्रुदेन्सिया — एन्सियांचा नुसता सुळसुळाट आहे! देवा, तेवढी क्रेसेन्सिया नको.

८ ऑक्टोबर

आमच्या गावात माणसाला सबंध नाव मिळतं ते थडग्यावर. एलोदियाचं मी तिथेच पहिल्यांदा सबंध वाचलं. घरात ती जन्मभर लोयिता. चेंचिताचं असं नको व्हायला. आणि मॉन्तेरेच्या दफनभूमीत मला कोण घेऊन जाणार?

१२ ऑक्टोबर

एवोदियोकडे दाढीला गेलो. न्हावी माणूस, पण दुकानात वस्तऱ्यांपेक्षा गिटारी जास्त. गावातली पहाटेची सगळी गाणी त्याचं त्रिकूट म्हणतं — तो, भाऊ आणि भाचा. मी फार बेतानं विषय काढला. 'एवोदियो, चेंचा म्हणतात त्या बाईचं मूळ नाव काय असावं रे? भाषेचा प्रश्न आहे. सहज.'

'गौदेन्सिया.' वस्तरा माझ्या गळ्याशी. 'माझी मावशी चेंचा, तिचं नाव गौदेन्सिया. दुसरं असूच शकत नाही. पंचवीस तारखेला येतोय तिचा दिवस. पहाटे पाचला येऊ ना?'

'अरे, भाषेचा प्रश्न—'

'फुलं तुम्ही आणा. समोरच्याच घरी ना?'

म्हटलं, हळू बोल. दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

२४ ऑक्टोबर

आत्लिस्कोच्या बाजारातून ग्लॅडिओला आणल्या. बादलीत उभ्या आहेत. मयताला आल्यासारख्या दिसतात, पण आता इलाज नाही. पाठांतर केलं — 'चेंचिताबाई, जाऊ नका.' सोपं आहे. आरशासमोर जमतं.

२५ ऑक्टोबर

बोललो नाही.

पहाटे धुकं. तिघं वाजवत होते, मी फुलं धरून मागे. दुसऱ्या कडव्याला तिच्या खिडकीत दिवा लागला, तिसऱ्याला दार उघडलं. अंगावर शाल, वेणी सोडलेली. तिचे मोकळे केस मी आजवर पाहिले नव्हते! पाठ केलेलं सगळं उडालं. फुलं पुढे करून म्हणालो, 'अभिनंदन.'

'आभारी आहे, मास्तर,' ती म्हणाली. 'थंडी आहे. आत या सगळे.'

दालचिनी घातलेली कॉफी दिली. एवोदियो दोनदा प्याला. तिनं फुलं घागरीत ठेवली, मग माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता काहीतरी विचारणार. विचारलं ते एवढंच — 'साखर?' मला साखर चालत नाही. दोन चमचे घेतली.

२६ ऑक्टोबर

गौदेन्सिया नव्हे! काल दिवसभर तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. खरंच दिवस असता तर माक्रिना मोलेचं पातेलं घेऊन सकाळीच हजर झाली असती. उलट तिनंच मला विचारलं, 'काल पहाटे कसली गाणी हो, मास्तर?'

'एवोदियोची तालीम होती.'

'आणि तुम्ही फुलं धरून?'

लाल तामाल घेतले आणि घरी आलो.

मग एवोदियोला जाऊन झाडलं. तो जराही हलला नाही. 'असं होय? मग फ्लोरेन्सिया. माझी दुसरी मावशी चेंचा फ्लोरेन्सियाच होती. दहा नोव्हेंबर.'

एक मात्र कळत नाही. भलत्याच संताच्या दिवशी फुलं आली तर चेंचिता तसं बोलली का नाही? भिडस्त असेल.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. एलोदियासाठी वेदी मांडली. झेंडू, मेणबत्त्या, तिला आवडायचा तो गुळातला भोपळा. भोपळा खाली लागला. मी केलेला तो नेहमीच लागतो, तिला सवय आहे.

फोटोला म्हटलं, लोयिता, तुला ठाऊक असणार. तू तिच्याकडे सारखी उसनं मागायला जायचीस. सांग ना नाव. फोटो हसत राहिला. शेवटच्या आजारात तिनं विचारलं होतं, 'मी गेल्यावर दुसरं लग्न करशील?' मी म्हटलं होतं, वेडी आहेस का? 'मग तुझे सदरे कोण धुणार,' म्हणाली. बास, एवढंच. ती तशीच होती. मला तिची फार आठवण येते, आणि चेंचिता जायला नको, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकदम कसं खरं असतं, कुणास ठाऊक.

१० नोव्हेंबर

'आज पण?' चेंचिता दारात म्हणाली. रागानं नाही. या वेळी केस विंचरलेले होते. म्हणजे पहिल्या कडव्याआधीच जागी होती?

आज कॉफीबरोबर गोड पाव. एवोदियो आणि मंडळी पावात गुंतली, तेवढ्यात मी धीर केला. 'चेंचिताबाई, जाऊ—'

'काय?'

'जाऊ का मी आता?'

'कॉफी तरी संपवा,' म्हणाली.

११ नोव्हेंबर

काल कुणी आलं नाही तिच्याकडे. फ्लोरेन्सियाही नव्हे.

१५ नोव्हेंबर

एवोदियोची तिसरी मावशी निघाली. क्लेमेन्सिया. तेवीस नोव्हेंबर.

म्हटलं, 'एका माणसाला तीन मावश्या, तिघीही चेंचा?'

'आजोबांना त्याच धर्तीची नावं आवडायची.'

'अजून आहेत का?'

'मावश्या संपल्या,' म्हणाला. 'आता हिचं लागलंच पाहिजे.'

गल्लीत कुजबुज सुरू झाली आहे. बेकरीवाल्यानं आज विचारलं, 'मास्तर, समोरच्या बाईंना आहेत तरी किती संत?' पोरं हसली. मी सुटे पैसे घेतले आणि आलो. गावाला दुसरा उद्योग नाही.

२३ नोव्हेंबर

काल संत सेसिलियाचा दिवस होता. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संत ती. रात्री अख्ख्या तालुक्यातले वादक तिच्या नावानं पितात आणि दुसऱ्या दिवशी एकही उभा राहू शकत नाही. शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट, आणि मला आठवू नये!

पहाटे दुकानात गेलो. एवोदियोचा भाऊ बाकावर, एवोदियो बाकाखाली. 'मास्तर, मेलो,' म्हणाला आणि कूस बदलली. भाचा कुठे होता ते त्यालाही माहीत नसेल.

मी एकट्यानं गायलो. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस मी. पहिल्या कडव्याला माक्रिनाचा कुत्रा भुंकायला लागला, दुसऱ्याला त्यानं गळा काढला. मी थांबलो तर तो थांबे, मी सुरू केलं की तोही. चेंचिता खिडकीत आली. शाल तोंडावर दाबून हसत होती — खांदे गदगदा हलत होते! इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिसरं कडवं आठवेना, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं.

दार उघडून म्हणाली, 'मास्तर, ही तिसरी वेळ. हे चाललंय काय?'

'तुम्हाला आवडत नसेल तर—'

'मी कुठं तसं म्हटलं?'

कॉफी दिली. कपात साखर नव्हती. 'तुम्हाला चालत नाही ना ती,' म्हणाली. 'घोट घेताना तोंड कसं करता, ते दिसतं.'

बाहेर थोडं उजाडेपर्यंत बसलो. बोललो नाही, हे सांगायला नकोच. क्लेमेन्सियाही नव्हे. पण आज मला फार बरं वाटतंय.

१ डिसेंबर

झाडता झाडता विचारलं, 'आवराआवरीला सुरुवात कधी?' ती म्हणाली, 'आओरिता.'

आमच्याकडे 'आत्ता'लाही तेच शेपूट आहे. 'आओरा' म्हणजे आत्ता. 'आओरिता' म्हणजे त्याहून लहान आत्ता, म्हणजे लगेच. पण नळ दुरुस्त करणारा 'आओरिता येतो' म्हणाला त्याला दोन पावसाळे झाले. वस्तू लहान करावी तर ती हातात मावते, वेळ लहान करावा तर तो हाताबाहेरच जातो. आजवर मला याचा संताप यायचा. आज तिच्या तोंडून ऐकलं आणि देवाला म्हटलं, असाच आओरिता असू दे.

१२ डिसेंबर

ग्वादालूपेच्या मातेच्या उत्सवाहून परत येताना तिच्या दारात खोकी दिसली. अजून रिकामी. पण खोकीच ती.

१९ डिसेंबर

नाताळाआधीची आजची पोसादा माक्रिनाकडे. अर्धी माणसं बाहेर उभी राहून मरिया आणि योसेफसाठी जागा मागतात, अर्धी आतून गाण्यातच नकार देतात. मला बाहेरच्यांत घातलं, मेणबत्ती धरून. चेंचिता आत. 'जागा नाही, पुढे व्हा' — फार मनापासून गायली.

२६ डिसेंबर

तिची मुलगी नेरेयदा आली आहे. बोलते भराभर, चालते भराभर, आईला दर वाक्यात 'माझी राणी' म्हणते. वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं.

मी एक खोकं उचलू लागलो आणि म्हणालो, 'तिकडे तुमच्या आईच्या नावाचा दिवस साजरा करायला ओळखीचं कुणी नसेल, नाही?'

ती हसली. 'आई कुठली साजरा करतेय! परवा तर आहे. अठ्ठावीस तारीख, निष्पाप बाळांचा दिवस. आजोबांनी कॅलेंडर बघून, निष्पाप म्हणून इनोसेन्सिया ठेवलं आणि मोकळे झाले. तिला ते नाव उच्चारलेलंही खपत नाही. मी सांगितलं म्हणून बोलू नका हं, मास्तर.'

इनोसेन्सिया! सेन्सिया, चेंचा, चेंचिता! कॅलेंडरावर कितीदा बोट फिरवलं, पण त्या चौकोनात हेरोद राजानं मारलेली बाळं होती, बाईचं नाव थोडंच होतं! खोकं हातातून सुटलं आणि माझ्या अंगठ्यावर पडलं.

२७ डिसेंबर

अठ्ठावीस म्हणजे थट्टेचा दिवस, हे मला समजतं. त्या दिवशी गावात कुणी कुणाचं काही खरं मानत नाही. उसनं दिलेलं परत येत नाही, वर 'भोळं कबूतर फसलं!' ऐकून घ्यावं लागतं. शाळेत पोरांनी मला दर वर्षी फसवलं, एक वर्ष चुकवलं नाही.

पण पहाटे पाचला कोण थट्टा करतं? आणि मी तर आयुष्यात एकही थट्टा केलेली नाही. सगळ्यांना माहीत आहे.

गुलाब आणले. ग्लॅडिओला आता पुरे. अंगठा टोमॅटोसारखा सुजलाय, पण गुडघा टेकता येतो. करून पाहिलं.

२८ डिसेंबर

अंगठा बरा आहे.

२९ डिसेंबर

काल काय झालं ते लिहिलं पाहिजे. लिहितो.

गाणी झाली. या वेळी नाव घेऊन. शेवटच्या कडव्यानंतर एवोदियो 'इनोसेन्सियाबाईंचा विजय असो!' असा काही ओरडला की गल्लीभर दिवे लागले. माणसं दारांत, खिडक्यांत. चेंचिता बाहेर आली. तोंड पांढरंफटक. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी ठरवून आलो होतो, आज अडखळायचं नाही. गुडघा टेकला. मोठ्यानं म्हणालो, 'इनोसेन्सियाबाई, मॉन्तेरेला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा.'

मग बेकरीवाला ओरडला — 'भोळं कबूतर फसलं!' आणि अख्खी गल्ली हसत सुटली. टाळ्या! शिट्ट्या! 'वा मास्तर, जन्मात एक केलीत पण काय केलीत!' मी गुडघ्यावरच. ओरडून सांगितलं, 'थट्टा नाही! खरं सांगतोय!' तर आणखीच हसले. त्या दिवशी सगळे हेच म्हणतात ना.

चेंचितानं गुलाब घेतले नाहीत. फक्त म्हणाली, 'तुम्ही पण, मास्तर?' आणि दार लावून घेतलं.

आज सकाळपासून लोक अभिनंदन करताहेत. बेकरीवाल्यानं पाव फुकट दिला — या वर्षीची सगळ्यांत भारी थट्टा म्हणून. फादरनीही पाठीवर थाप मारली. मला रडू आलं, घरी आल्यावर. पाव कालचा होता.

३० डिसेंबर

माक्रिनानं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग पळी पातेल्यात सोडून म्हणाली, 'अगं बाई! खरं होतं ते?'

मी मान हलवली.

'आणि तिनं एवढी वर्षं मलासुद्धा नाव सांगितलं नाही! आता नाव काढलं की घरात निघून जाते.' न विचारता हिरवे तामाल बांधून दिले. 'पुन्हा जा, मास्तर. पण संतबिंत नको आता. तुमचं आणि संतांचं काही जमत नाही.'

३१ डिसेंबर

वर्ष सरताना बारा द्राक्षं खायची आणि बारा गोष्टी मागायच्या. बाराही वेळा एकच मागितली.

२ जानेवारी

गेलो.

भरदुपारी, बाजार सुटायच्या वेळी. गल्लीत माणूसच माणूस. हातात फूल नाही, बरोबर गिटार नाही, कुठल्या संताचं निमित्त नाही. कॅलेंडरावर आज बासिलियो, त्याचा आमच्याशी संबंध नाही. विधुर माणूस रिकाम्या हातानं रस्ता ओलांडून विधवेचं दार वाजवतोय! मागे एवोदियोची कात्री थांबली.

तीच आली. दार अर्धंच उघडलं. 'आता काय राहिलं?'

'थट्टा नव्हती ती.'

'त्यानंही हेच सांगितलं होतं.'

'कुणी?'

'गिरणीवाल्याच्या मुलानं. माझ्या माहेरच्या गावात.' कवाड धरून, माझ्याकडे न बघता सांगत होती. 'सतरा वर्षांची होते. माझ्या नावाचा दिवस. चर्चमधली मिस्सा सुटलेली, चौकात सगळं गाव. तो गुडघे टेकून बसला, अंगठी काढली. मी हो म्हटलं, मास्तर. मोठ्यानं म्हटलं. आनंदानं! मग त्यानं अंगठी खिशात टाकली आणि कबुतराचं म्हटलं. बँडवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी लगेच वाजवायला घेतलं. माझे वडीलसुद्धा हसले. या गावात लग्न होऊन आले ती चेंचिता होऊनच आले. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, ते नाव पुन्हा नको.'

म्हटलं, 'मला हे माहीत नव्हतं.'

'तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. तीनदा भलत्याच बायकांच्या दिवशी आलात!'

'मग सांगितलं का नाही? पहिल्याच दिवशी सांगायचं.'

'सांगितलं असतं तर पुन्हा आला असतात?'

तिच्या मागे घागरीत सुकलेल्या ग्लॅडिओला अजून तशाच होत्या. मग पुन्हा म्हणालो. गुडघे न टेकता, साध्या आवाजात. 'चेंचिताबाई, आज कुणाचाच दिवस नाही. माझ्याशी लग्न करा. मॉन्तेरेला जाऊ नका.'

मागे गल्लीत कुणीतरी खोकलं. हसलं कुणी नाही.

तिनं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, 'ते टेबल आतल्या खोलीत न्यायचंय. एका बाजूनं धरा.' धरलं. आत नेलं. टेबलाच्या पलीकडून म्हणाली, 'नेरेयदाला काय सांगू? तिनं माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. निळी.'

'मला नाही सांगता येणार.'

'मला तरी कुठं येतंय. जा आता. लोक बघताहेत.'

लोक बघतच होते. एवोदियोच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडानं दारात उभं होतं.

४ जानेवारी

'नमस्कार, मास्तर.' 'नमस्कार, चेंचिताबाई.' झाडलं. गोयोवर ढग होते, त्यामुळे तोही विषय नाही.

६ जानेवारी

ट्रक आला. पडदा ओढून बसलो, तरी ऐकू येत होतं. पलंग, कपाट, खोकी. ते टेबलही बाहेर काढलं असावं, त्याचा पाय दारात अडकतो. नेरेयदाचा आवाज, रडणं, दार आपटणं, मग इंजिन. गल्ली शांत झाली.

माक्रिनानं सणाच्या रोस्काचा, त्या गोल गोड पावाचा, तुकडा पाठवला. माझ्याच तुकड्यात बाहुली निघाली. म्हणजे दोन फेब्रुवारीला मी सगळ्यांना तामाल खिलवायचे. सगळे म्हणजे कोण आता?

समोर बघितलं नाही. उद्या झाडणार नाही.

७ जानेवारी

दार वाजलं. चेंचिता! अंगावर शाल, डोळे सुजलेले.

'सामान दिलं नेरेयदाबरोबर,' म्हणाली. 'खोली रंगवली होती ना तिनं, रिकामी कशाला राहायला पाहिजे? परवा रात्रभर रडली, मग म्हणाली, राणी, तुझं तू बघ.' आत या म्हटलं तर येईना, उंबऱ्यावरूनच भराभर बोलत होती. 'फादरकडून येतेय. लग्नाआधी रविवारी मिस्सेत दोघांची नावं वाचायचीत, कुणाची हरकत आहे का विचारायला. माझं सांगितलं. इनोसेन्सिया! मोठ्यानं सांगितलं. मग त्यांनी तुमचं विचारलं आणि माझी दातखीळच बसली. त्यांनाही मास्तर एवढंच ठाऊक.'

तिनं गल्लीत इकडेतिकडे बघितलं, जवळ आली आणि अगदी हळू विचारलं —

'तुमचं नाव काय हो?'